गुणगुणणं चालणार नाही

बारामतीत खोली शोधत फिरलो तेव्हा घरमालकांचे प्रश्न मला पाठ झाले होते. गाव कुठलं, आडनाव काय, अंडी खाता का, पाहुणे किती येतात. सरांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, तांब्या खाली ठेवेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाले, "तुम्ही गुणगुणता का?"

मला प्रश्न कळला नाही.

"दाढी करताना, सायकल पुसताना, भाकरी गरम होईपर्यंत. माणूस नकळत गुणगुणतो. तुम्ही?"

मी म्हणालो, "सर, मला सूर म्हणजे काय तेच कळत नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मला नुसते ओठ हलवायला सांगायचे."

त्यांचा चेहरा उजळला. आजवर माझ्या या उणिवेचं इतकं स्वागत कोणी केलं नव्हतं. "मग खोली तुमची," ते म्हणाले. "मटण शिजवा, मासे तळा, मित्र बोलवा, हरकत नाही. गुणगुणणं चालणार नाही."

सर म्हणजे हायस्कुलातून निवृत्त झालेले भूमितीचे शिक्षक. मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. उंच, काटकुळे, बुशकोटाच्या डाव्या खिशात नेहमी कापसाची गुंडाळी. हा कापूस कानांसाठी होता. विश्वासणाऱ्या माणसाने जगिक गाणी ऐकू नयेत, हे त्यांचं ठाम मत. जगिक म्हणजे देवाची नसलेली सगळी. सिनेमाची, लग्नातली, रेडिओवरची, जाहिरातीतली. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "देवाने डोळ्याला पापणी दिली, तोंडाला ओठ दिले, कानाला मात्र झाकण दिलं नाही. म्हणजे परीक्षा कानाची आहे."

ही परीक्षा देण्यासाठी त्यांनी घर फारच अवघड जागी बांधलं होतं. मागच्या भिंतीला लागून मंगल कार्यालय. नव्वद सालानंतर बारामतीत कार्यालयं वाढली आणि कार्यालयांपेक्षा कर्णे जास्त वाढले. लग्नसराईत सकाळी सनईची कॅसेट सुरू झाली की सरांचा हात खिशात जायचा. पण कापूस काढायचा, दोन बोळे करायचे, ते नीट बसवायचे, एवढ्या वेळात अर्धं गाणं कानात शिरलेलं असायचं. ते अर्धं गाणं त्यांना दिवसभर छळायचं.

मी माळेगावच्या बाजूला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होतो. रसातली साखर तपासायची, मळी तपासायची. त्यामुळे सर मला नावाने न बोलावता 'केमिस्ट' म्हणत. संध्याकाळी मी सायकल लावली की ते ओट्यावरून हळूच विचारायचे.

"केमिस्ट, तो परत येतो का?"

"कोण, सर?"

"ती दारात उभी आहे. दिवा लावून. इथपर्यंत आलं कानावर. मग मी कापूस घातला."

"मला चाल नाही ओळखता येत, सर."

"चाल नकोच. वृत्तान्त पाहिजे. गद्याला मनाई नाही. पवित्र शास्त्रातसुद्धा वाईट माणसांचे वृत्तान्त आहेत."

मग मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात चौकशी करायचो. आमच्या प्रयोगशाळेत गाण्यांचे शौकीन पुष्कळ. कोणीतरी पुढची कडवी सांगायचा, ती मी सरांना सांगायचो.

"तो येत नाही, सर. पुढच्या कडव्यात तीच निघते त्याला शोधायला."

"एकटी?"

"एकटीच."

"दिवा विझवून गेली का?"

"तसं काही गाण्यात नाही."

सर बराच वेळ विचार करायचे. "हेच," ते म्हणायचे. "जगिक गाण्याला जबाबदारी नसते."

पण त्या रात्री त्यांना शांत झोप लागायची, असं काकू सांगायच्या. काकू म्हणजे त्यांची बायको. इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीची. बोलणं तिकडचंच राहिलेलं. सरांचं बोलणं ऐकलं की पाठ्यपुस्तक उघडल्यासारखं वाटायचं आणि काकूंचं ऐकलं की चुलीजवळ बसल्यासारखं. घरात त्या अजिबात गुणगुणत नसत. फक्त भाकरी थापताना त्यांच्या हाताचा एक ठेका पडायचा. सरांनी त्याची बरीच तपासणी करून, ठेक्यात शब्द नाहीत म्हणून तो चालवून घेतला होता.

दर रविवारी दुपारी सर इंदापूरला जात. तिथे चार ख्रिस्ती घरं होती, त्यांची प्रार्थना हे घ्यायचे. एसटी वेळेवर नसली की वडापच्या जीपमध्ये बसायचं, आणि जीपमध्ये टेप असायचाच. टेप लागला की सर ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावायचे. "थांबवा, मी उतरतो."

एकदा मी बरोबर होतो. ड्रायव्हर भला माणूस. म्हणाला, "मास्तर, बसा की. बंद करतो टेप."

"नको. बाकीच्या प्रवाशांनी का म्हणून मुकावं? त्यांची त्यांच्या विवेकाशी काही तक्रार नाही."

"अवो, त्यांची कायबी तक्रार न्हाय, बंद केला तरी."

"मग माझ्यामुळे बंद झाला असं होईल. ते मला मान्य नाही."

आम्ही उतरलो. मागून दुसरी जीप आली. तिच्यात वेगळं गाणं होतं. तिच्यातूनही उतरलो. बाकीचा रस्ता आम्ही उसाच्या कडेकडेने चाललो. इंदापूरला पोचलो तेव्हा प्रार्थना आटोपून लोक चहा पीत होते. सरांनी उपदेश तरीही केला, पूर्ण. लोक कप हातात धरून ऐकत राहिले. त्यांना सवय होती.

कसब्यातल्या आमच्या छोट्या देवळात, म्हणजे सरांच्या, पण मीही आता ख्रिसमसला जायचो म्हणून आमच्या म्हणतो, पुण्याहून नवा तरुण पास्टर आला. गिटार घेऊन आला. त्याला सगळ्यांशी गोडीने राहायचं होतं. त्याने एका शनिवारी चर्चा ठेवली आणि फळ्यावर खडूने विषय लिहिला. 'विश्वासणाऱ्याने जगिक संगीत ऐकावे काय?' 'ऐकू नये' या बाजूने सर बोलणार होते. 'ऐकावे' या बाजूने बोलायला कोणी तयार होईना, म्हणून पास्टर स्वतः उभा राहिला.

सर भूमिती शिकवल्यासारखे बोलले. पक्ष, साध्य, सिद्धता. पास्टरने हसून विचारलं, "सर, मग पक्ष्यांचं गाणं?"

"त्यांचे शब्द आपल्याला कळत नाहीत. त्यांना संशयाचा फायदा."

"आणि कारखान्याचा भोंगा?"

"भोंग्यात स्वर आहे, मोह नाही. तो ऐकून कोणी आपलं घर सोडून गेल्याचं ऐकलं नाही."

"कामावर जातात की," मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले. सर हसले नाहीत. त्यांनी शेवटी जाहीर केलं की बोलतो तसं वागायचं म्हणून, पुढच्या महिन्यात त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या हळदीला एकही गाणं होणार नाही. बायका येतील, हळद लावतील, वचनं वाचली जातील आणि जेवण होईल.

त्यांची मुलगी पहिल्या बाकावर होती. तिने मान खाली घातली. आणि बायकांच्या बाजूने काकू उभ्या राहिल्या. त्यांना बोलायला उभं राहिलेलं याआधी कोणी पाहिलं नव्हतं.

"मग ते वधस्तंभाचं गीतबी काढा पुस्तकातनं," काकू म्हणाल्या.

आता हे गीत काय होतं ते सांगायला हवं. ते उत्तम शुक्रवारचं गीत, प्रभू वधस्तंभ खांद्यावर घेऊन डोंगर चढतो त्याचं. सरांची आई गेली तेव्हा उशाशी बसून सर तेच म्हणत होते. तेव्हापासून दर उत्तम शुक्रवारी ते एकटे उभे राहून म्हणायचे आणि तिसऱ्या कडव्यानंतर त्यांचा आवाज जायचा. अख्खी मंडळी रडायची. मला सूर कळत नसूनही मी रुमाल काढायचो.

"काढा म्हणजे?" सर म्हणाले.

"त्याची चाल तमाशातली हाय. निरवांगीच्या जत्रंत ऐकलीया मी ल्हानपणी. नवरा बाजारला जातो नि नथ आणायची इसरतो, तसली लावणी हाय ती. सूर न् सूर त्योच."

पास्टर घाबरून म्हणाला, "काकू, तुमची नक्की खात्री आहे?"

"लगीन होऊन आले तवापासनं ह्यांनी गीत धरलं की मला नथच दिसतीया."

सरांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुमी रडत हुता," काकू म्हणाल्या. "मधी कसं बोलू?"

त्यानंतरचे आठवडे घरात फार वाईट गेले. भांडण झालं नाही, झालं असतं तर बरं होतं. सरांचा सगळ्याच चालींवरचा विश्वास उडाला. एक गीत असं निघालं, तर बाकीची कुठून आली असतील, हे कोणी सांगावं? ते देवळात जायचे, पण गीतं गायची सोडून गद्यासारखी वाचायला लागले. खणखणीत आवाजात, विरामचिन्हं पाळून. मंडळी गात असायची तेव्हा ह्यांचं वाचून संपलेलं असायचं, मग ते पुस्तक मिटून बाकीच्यांची वाट पाहात उभे. काही म्हातारी माणसंही त्यांच्या मागे वाचायला लागली. पास्टरची गिटार एका बाजूला, वाचणारे दुसऱ्या बाजूला, आणि मधली माणसं कोणाकडे जावं ते न कळून गप्प.

एका संध्याकाळी मी आलो तर सर ओट्यावर बसलेले. कार्यालयात गाणं चालू होतं आणि त्यांनी कापूससुद्धा घातला नव्हता. मला वाटलं, आता विचारतील, पुढे काय होतं. ते म्हणाले, "केमिस्ट, माझी आई कुठल्या गाण्यावर गेली?"

काकू आतून आल्या, पदराला हात पुसत. म्हणाल्या, "निरवांगीला चला. तवाचा ढोलकीवाला हाय अजून. त्यालाच इचारू."

सरांनी त्याची पूर्ण तयारी केली. मला बरोबर घेतलं, कारण लावणी म्हणून दाखवायची वेळ आली तर ती मी ऐकायची, सर बाहेर थांबणार. तुमच्या धर्मात त्याला बाध नाही, असं ते म्हणाले. मला चाल ओळखता येत नाही हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं ते फार उशिरा.

ढोलकीवाले आबा नव्वदीकडे झुकलेले. गोठ्याशेजारच्या पडवीत खाटेवर बसलेले. फड कधीच मोडला होता, ढोलकी मात्र खुंटीला होती. काकूंनी माहेरची ओळख सांगितली, सरांची ओळख करून दिली. सर नमस्कार करून बाहेर जाऊन लिंबाखाली उभे राहिले आणि कानात कापूस घातला. आबांनी लावणी म्हटली. मी लक्ष देऊन ऐकली. संपल्यावर काकूंनी बाहेर हात केला आणि सर एका कानातला बोळा काढत आत आले.

"तीच आहे का?" त्यांनी मला विचारलं.

"सर, मला कसं कळणार?"

सरांनी दुसऱ्या कानातलाही बोळा काढून खिशात ठेवला, आबांसमोर पोत्यावर मांडी घातली आणि म्हणाले, "आबा, कृपा करून पुन्हा एकदा."

आबांनी पुन्हा म्हटली. सरांचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्या कडव्याला त्यांचे ओठ हलायला लागले आणि तिसऱ्या कडव्यानंतर त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आबा थांबले. त्यांच्या आयुष्यात नथीच्या लावणीला कोणी रडलं नव्हतं.

"काय झालं मास्तरांला?"

काकूंनी सगळं सांगितलं. आबा ऐकून अस्वस्थ झाले. "अवो, मग चाल तुमचीच हाय," ते म्हणाले. "माझा बाप मिशनच्या बंगल्यावर पानी भरायचा. मडम पेटी वाजवायची. बापानं दाराआडनं चाल उचलली नि फडात आणली. चोरी आमची हाय, मास्तर. तुमी कशापायी जिवाला लावून घेता?"

कोणीही एवढ्यावर सुटला म्हणून उठला असता. सर उठले नाहीत. खरं ते खरं ही त्यांची सवय.

"तसं नसणार, आबा," ते म्हणाले. "आमच्या जुन्या पुस्तकांत गीताच्या डोक्यावर चालीचं नाव असतं, परवाच काढून पाहिलं, आणि ती चाल तुमच्याकडची असते. मडमेला ही चाल इकडच्याच कोणी शिकवली असेल. चोरी आमची आहे."

"न्हाय वो, आमची."

"तुम्ही उगीच स्वतःवर घेताय."

"घेतोय न्हाय, हायच. माझ्या बापाला मी वळखत न्हाय व्हय?"

"तुमच्या वडिलांवर असा आरोप मी माझ्यासमोर होऊ देणार नाही," सर म्हणाले.

दुपार अशीच गेली. काकू आणि मी चहा घेतला, शेंगा खाल्ल्या. पुढे वाद असा झाला की एका ओळीच्या शेवटी लावणी वर जाते आणि गीत खाली येतं. सर म्हणाले, वर जाणारं मूळ असणार, ते जास्त नैसर्गिक आहे. आबा म्हणाले, खाली येतं तेच खरं, वर न्यायचं ते आमच्या लोकांनी शिट्ट्यांसाठी केलं. मग दोघं एकमेकांना म्हणून दाखवायला लागले. मला फरक कळत नव्हता, पण काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "आता ह्ये लावणी म्हणत्यात आन् आबा गीत." दिवेलागणीपर्यंत आबांना गीताची सगळी कडवी पाठ झाली होती आणि आणखी दोन गीतं सरांनी त्यांना भेट म्हणून शिकवली होती.

परतताना सर म्हणाले, "निकाल लागला नाही. आणि निकाल लागत नाही तोवर आरोपीला कोंडून ठेवता येत नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्या हळदीला गाणी होती का गं?"

"हुती," काकू म्हणाल्या. "तुमी यायच्या आधी उरकून घेतली हुती."

सर म्हणाले, "पोरीच्या हळदीला असू देत."

पुढे मी कारखाना बदलला, सोलापूरकडे गेलो. सर गेल्याचं मला उशिरा कळलं. त्यांची आठवण आली की मला ना त्यांचा उपदेश आठवतो, ना भूमिती. त्या हळदीची संध्याकाळ आठवते.

अंगणात मांडव घातला होता. सरांची देवळातली मंडळी आली होती, शेजारपाजार आला होता, माझे कारखान्यातले मित्रही आले होते. निरवांगीहून आबा स्वतः आले, पांढरा फेटा बांधून, ढोलकी आणि पेटीवाला पुतण्या घेऊन. काकूंनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. बायका हळदीच्या वाट्या घेऊन तयार बसल्या. आबांनी चपला मांडवाबाहेर काढल्या, भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीला हात जोडले, बैठक घातली आणि सरांनी शिकवलेलं गीत सुरू केलं. पश्चात्तापाचं. ते झाल्यावर दुसरं. तेही पश्चात्तापाचंच.

मुलगी पाटावर बसून राहिली. बायकांचे हात वाटीतच राहिले. मांडवात हळद होती, पण सगळे शोकसभेला आल्यासारखे बसले होते. काकूंनी सरांकडे एकदाच पाहिलं. सर उठून आबांजवळ गेले.

"आबा, जरा जगिक काहीतरी घ्या."

"काय घेऊ?"

"जगिक. म्हणजे लोकांचं. नाचता येईल असं."

आबांनी ढोलकीवरचा हात उचलला. "किरिस्तावाच्या घरात? मास्तर, माझ्या हातनं असलं पाप हुयाचं न्हाय."

"पाप नाही आबा. आनंद आहे तो. आनंदही देवानेच दिला आहे."

हे वाक्य त्या चर्चेत पास्टर बोलला होता आणि सरांनी ते तिथल्या तिथे खोडून काढलं होतं. आबांनीही काढलं. म्हणाले, "आनंद निराळा, थिल्लरपणा निराळा." सर खाली बसले, त्यांनी समजावलं, विनवलं. पक्ष, साध्य, सिद्धता, सगळं उलट्या बाजूने केलं. माझे मित्र मला विचारत होते की ह्यांचं काय चाललंय. शेवटी आबा म्हणाले, "लईच म्हणता तर एक करतो. नथीची घेतो. तिची चाल तरी तुमची हाय, मला दोष लागायचा न्हाय."

"आमची नाही, पण घ्या," सर म्हणाले.

ढोलकी कडाडली आणि पेटीने चाल उचलली. त्यासरशी माझ्या मित्रांनी आणि शेजारच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि त्याच क्षणी सरांची सगळी मंडळी सवयीने उठून, माना खाली घालून, हात जोडून उभी राहिली. काकूंनी हळदीचे दोन्ही हात लेकीच्या गालांना लावले आणि तोंडाने लावणीचे शब्द धरले, मोठ्याने, एकही शब्द न चुकता. लेक आईच्या तोंडाकडे बघतच राहिली. मग ती हसायला लागली, मग बाकीच्या बायका हसायला लागल्या आणि मग नाचायला.

नेमका तेव्हा पास्टर फाटकातून आत आला. त्याला मांडवातलं काही दिसलं नाही, चाल तेवढी ऐकू आली. त्याने फाटकाशीच चपला काढल्या, डोळे मिटले आणि हात जोडून उभा राहिला. सर त्याच्याकडे गेले आणि शेजारी उभे राहिले.

डोळे न उघडता पास्टरने हळूच विचारलं, "सर, कितवं कडवं चाललंय?"

सरांनी मांडवात पाहिलं. काकू पदर खोचत होत्या.

"उभे राहा, पास्टर," सर म्हणाले. "अजून पुष्कळ आहेत."